नुसत्या कॉपीने फ्लॉपी बूट होत नाही

भाऊ, तुम्ही वर लिहिलंय की डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या तिन्ही फायली (आयओ.सिस, एमएसडॉस.सिस, कमांड.कॉम) फ्लॉपीवर कॉपी केल्या तरी मशीन तिच्यावरून सुरू, म्हणजे बूट, न होता 'नॉन-सिस्टिम डिस्क' म्हणून अडून बसतं. अडणारच! बायोस, म्हणजे मशीन चालू होताच आधी चालणारा त्यातलाच प्रोग्रॅम, फ्लॉपीचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलतो आणि चालवतो, बस. पुढे त्या सेक्टरमधला कोड बघतो की मूळ डिरेक्टरीत पहिली नोंद आयओ.सिसची आहे का. तुम्ही फॉर्मॅट करताना फ्लॉपीला नाव दिलं असेल, तर ते नावच पहिल्या जागेवर बसलेलं असतं.

'फॉर्मॅट ए: /एस' द्या (ए: म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह, /एस म्हणजे सिस्टिमच्या फायलींसकट), सगळं जागच्या जागी बसतं. कमांड.कॉम दुसऱ्या आवृत्तीचं घालू नका.

वणीकडे एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी असाच अडकलो होतो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बंद पडलेली, आणि घरी दोनदा तपासून आणलेली माझी फ्लॉपी तिथे वाचेचना. ड्राइव्ह उघडला तर हेडवर रुईचे तंतू! स्पिरिट मागवलं, आणि पुसायला मिळाला काय, तर कापूसच. पुसलं तेव्हा कुठं ए: दिसलं.

आता फ्लॉपीच्या मागे लागूच नका. रुफस या बूट पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फ्रीडॉस (डॉससारखीच फुकट सिस्टिम) निवडा, दोन मिनिटांत पेनड्राइव्ह तयार. फक्त बायोसमध्ये लेगसी बूट (जुन्या पद्धतीचं बूट) चालू पाहिजे. निव्वळ यूईएफआयवाल्या (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) नव्या लॅपटॉपवर ते उठणार नाही.