मदत हवी आहे : वडिलांना घेऊन चंद्रतालला जायचे आहे, तंबूत रात्र काढावी की त्याच दिवशी खाली उतरावे?

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी माझ्या ६६ वर्षांच्या वडिलांना घेऊन हिमाचलमधील चंद्रताल या उंचावरच्या तळ्याला जाणार आहे. बाकीचा आराखडा तयार आहे. फक्त एका मुक्कामाचा निर्णय होत नाही.

वडील पाटबंधारे खात्यात होते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ आहेत. सगळी नोकरी पावसाचे पाणी मोजण्यात गेल्यामुळे बर्फ वितळून साठलेले पाणी एकदा डोळ्यांनी पाहावे, ही त्यांची जुनी इच्छा आहे. काश्मीरमधील गंगाबल तलावाचाही विचार केला होता, पण नारानागपासूनची चढण त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नाही. चंद्रतालला गाडी बरीच जवळ जाते.

माझी खरी काळजी उंचीची आहे. दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर आम्ही विमानाने थेट लेहला उतरलो आणि दुसऱ्याच दिवशी आम्हाला खारदुंग ला या उंच खिंडीवर चढवून नेले. त्या रात्री वडिलांचे डोके इतके ठणकत होते की त्यांना उशीवर मान टेकवत नव्हती. पहाटेपर्यंत उलट्या चालू होत्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे शरीराला वेळ देण्याला पर्याय नाही, हे तेव्हा कळले. म्हणून या वेळी मनालीकडून एका दिवसात दोन हजार मीटरहून अधिक चढण्याऐवजी सिमला, कल्पा, ताबो, काझा असा लांबचा रस्ता धरला आहे. ताबो सुमारे ३,२८० मीटरवर आणि काझा सुमारे ३,७०० मीटरवर आहे. काझामध्ये दोन रात्री थांबून मग कुंझुम खिंड ओलांडायची आणि परतीला मनालीकडे उतरायचे.

पेच इथेच आहे. चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर आहे. तिथल्या तंबूत रात्र काढली तर लेहसारखा प्रसंग अंधारात ओढवेल आणि रुग्णालय जवळ नसेल, ही भीती वाटते. उलट काझाहून पहाटे निघून, ताल पाहून त्याच दिवशी मनालीच्या वाटेवरच्या सिस्सू गावापर्यंत उतरायचे म्हटले, तर बातल ते छतडू या खडबडीत रस्त्यावरचे नाले दुपारनंतर ओलांडावे लागतील, आणि दिवसभराच्या उन्हाने वितळलेले पाणी त्या वेळी चढलेले असते. आपल्याकडे नदी पावसाने फुगते, तिथे उन्हाने फुगते, याचे वडिलांना फार अप्रूप आहे. काठावरच्या एखाद्या दगडावर सकाळी पाणी कुठे टेकते आणि दुपारी कुठे, हे टिपायला त्यांनी वहीसुद्धा काढून ठेवली आहे. त्यांचा कल अर्थातच मुक्कामाकडे आहे. मलाही त्यांचे मन मोडवत नाही, पण केवळ त्या हौसेपोटी धोका पत्करायचा नाही.

खिंडीअलीकडच्या लोसर गावात राहणे हा मधला मार्ग होऊ शकतो का? तेही चार हजार मीटरच्या वरच आहे, परंतु तिथे निदान पक्के घर मिळेल. लोसरहून सकाळी लवकर निघाल्यास ताल पाहून दुपार व्हायच्या आत बातल सोडता येते का, हे त्या रस्त्याने गेलेल्यांनी कृपया सांगावे.

दुसरा प्रश्न औषधाचा. वडिलांना पूर्वी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठले होते, त्यामुळे आमच्या डॉक्टरांनी डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची, सल्फाच्याच जातकुळीतली गोळी देण्यास नकार दिला आहे आणि मला तो पटतो. गोळीशिवाय, केवळ सावकाश चढून साठीपुढच्या कोणी हा प्रवास केला असेल, तर त्यांनी कोणत्या गावी किती रात्री काढल्या? काझामध्ये प्राणवायूचा सिलिंडर भाड्याने मिळतो, की सिमल्याहूनच सोबत घ्यावा?

कोल्हापूर ते निजामुद्दीन रेल्वेची तिकिटे काढून झाली आहेत. तंबूवाल्याला आगाऊ रक्कम मात्र या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पाठवणार नाही.