मदत हवी आहे: बेसबॉल संघांच्या विजयांचा अंदाज कसा बांधायचा?

नमस्कार मंडळी, मी आणि माझा मुलगा (इयत्ता आठवी, मुक्काम सॅन डिएगो) नव्या हंगामात मेजर लीगचे (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा) 30 संघ 162 सामन्यांपैकी किती जिंकतील, याचा तक्ता चौकटीच्या वहीत करतोय. एका जागी घोडं अडलंय.

आमचा आधार बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांचं सूत्र. केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज; येईल त्याला 162 ने गुणलं की विजय. आमच्या सॅन डिएगोच्या पाद्रेस संघाने 2023 मध्ये 752 धावा केल्या, 648 दिल्या. सूत्राप्रमाणे जवळपास 93 विजय यायला हवे होते, आले 82. एका धावेच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत त्यांची कामगिरी 9 विजय, 23 पराभव! पुढच्या वर्षी मात्र नेमके 93 जिंकले. मुलाने त्या आकड्याभोवती लाल पेनाने तीनदा गोल केलाय.

पण सिॲटल मरिनर्सनी 2021 मध्ये केल्या 697, दिल्या 748. सूत्र म्हणतं 75, जिंकले 90, आणि 2022 मध्ये पुन्हा 90. मला हे नुसतं नशीब वाटत नाही, पण मग काय, ते सांगता येत नाही.

जाणकारांनी सांगा: मागच्या वर्षीच्या धावांना किती वजन द्यावं? हुआन सोतोसारखा फलंदाज संघ सोडून गेला, तर त्याचे विजय कसे वजा करायचे? आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) दुखापती आधीच कशा धरता? पोराला तयार उत्तर नकोय, रीत हवीय.