नानांना लिव्हरच्या ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणतायत, सही करावी का? (नाशिक)

दिंडोरीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, वय ५८, दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, शुगर आठ वर्षांपासून. जूनमध्ये पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, वाटलं खडा असेल, तर खडा नाही पण ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालं. नाना माळकरी आहेत, आयुष्यात दारूला हात लावला नाही, पण दाखवायला गेलो तिथे पहिलाच प्रश्न आला "किती वर्षं पिताय?", आणि तो प्रश्न त्यांना एवढा लागला की घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

आता नाशिकमधल्या पोटविकारतज्ज्ञांनी सांगितलंय की एका नवीन गोळीची ट्रायल (रुग्णांवरची चाचणी) चालू आहे, फेज ३ म्हणजे बऱ्याच रुग्णांवर करतात तो टप्पा, नाना त्यात बसू शकतात. औषध, तपासण्या सगळं फुकट. मराठीत छापलेला संमतीपत्राचा गठ्ठा दिलाय, २२ पानं. काल रात्री जेवण झाल्यावर नाना चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत वाचत बसले होते, आणि "प्लासिबो" शब्दावर बोट थांबलं ते थांबलंच. मला म्हणाले म्हणजे मला खोटी गोळी पण मिळू शकते का? मला नीट सांगता आलं नाही. त्यात लिव्हरची बायोप्सी (सुईने छोटा तुकडा काढून तपासणं) पण आहे, सुरुवातीला एक आणि वर्षाने परत एक. काका म्हणतात मोठ्या कंपन्या आपल्यावर प्रयोग करतात, अजिबात जाऊ नका. आई म्हणते डॉक्टर चांगले आहेत, फुकट होतंय तर करा. आणि व्हिजिट दर चार आठवड्यांनी, म्हणजे ऑक्टोबर छाटणी आणि डिपिंगच्या (द्राक्षाचे घड द्रावणात बुडवायच्या कामाच्या) मधेच येणार.

SGPT/SGOT (लिव्हरच्या रक्ततपासण्या) वगैरे बघायचं असेल तर: एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १ लाख ८० हजार, वजन ७४. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, अगदी मनापासून विचारतेय.

रिसर्च_कोऑर्डिनेटर_नाशिक

ताई, मी सहा वर्षं हेच काम करतोय, नाशिकमध्येच, रुग्णाला संमतीपत्र समजावून सांगणं हा माझ्या दिवसाचा निम्मा भाग असतो म्हणून सविस्तर लिहितो. आधी काकांच्या भीतीबद्दल. ती भीती उगाच नाही, पूर्वी लोकांना न सांगता बरंच काही झालंय, म्हणूनच तर २०१९ चे न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स आले. त्यानुसार ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचाराचा खर्च रुग्णाने द्यायचा नसतो, इजा ट्रायलमुळेच झाली असं ठरलं तर नुकसानभरपाई वेगळी. गंभीर काही झालं की डॉक्टरांना २४ तासांत वर कळवावं लागतं. आणि नाना कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतात, त्यामुळे त्यांचे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत.

उद्या जाल तेव्हा सीटीआरआय नंबर विचारा. ही आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ट्रायलची सरकारी नोंदणी आहे, २००९ पासून ट्रायल तिथे टाकणं सक्तीचं आहे. नंबर टाकला की औषध कुठलं, किती रुग्ण, कुठली केंद्रं, एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीची) परवानगी आहे की नाही सगळं दिसतं. नंबर द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तिथेच उठा.

प्लासिबोचं नानांना असं सांगा. ही खोटी गोळी नाही, औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी आहे, आणि कोणाला कुठली मिळाली हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. याची गरज का पडते तर लिव्हर कधीकधी आपोआपच सुधारतं, माणूस ट्रायलमध्ये आला की खाणंपिणं सांभाळतो. रेसमेटिरोम नावाच्या गोळीचं उदाहरण घ्या, २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झालेली ती पहिली गोळी, तिच्या ट्रायलमध्ये ९६६ लोक होते. वर्षभराने बायोप्सी केली तर जास्त डोसवाल्यांत जवळपास ३० टक्के लोकांची सूज गेली होती, आणि प्लासिबोवाल्यांतही साधारण १० टक्के लोकांची गेली होती. तुलनाच नसती तर ते १० टक्के पण गोळीच्याच नावावर जमा झाले असते. आणि हेही बघा की खरी गोळी घेऊनही ७० टक्के लोकांची सूज गेली नाही, त्यामुळे "ट्रायल म्हणजे इलाज" असं समजून सही करू नका.

सही केली म्हणजे घेतलंच असंही नसतं, तपासणीत बरेच जण गळतात. सही केलेल्या पत्राची एक प्रत घरी आणायची, तो तुमचा हक्क आहे.

फिजिशियन_नाशिकरोड

वरच्या भाऊंनी ट्रायलचं छान सांगितलं, मी लिव्हरचं सांगतो. ग्रेड २ या शब्दाने घाबरू नका आणि त्यावर विसंबूनही राहू नका, सोनोग्राफी चरबी दाखवते, लिव्हर किती कडक झालंय म्हणजे फायब्रोसिस किती हे सांगत नाही, आणि पुढचं सगळं फायब्रोसिसवर ठरतं. तुम्ही आकडे दिलेत म्हणून फिब-४ (फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा) काढून बघितला. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ याने. ५८ गुणिले ४८ म्हणजे २७८४, आणि १८० गुणिले ८ म्हणजे १४४०, उत्तर आलं १.९३. १.३ च्या खाली असता तर निवांत राहा म्हटलं असतं, २.६७ च्या वर असता तर लगेच पळा म्हटलं असतं, नाना मधे आहेत. म्हणजे पुढची पायरी फायब्रोस्कॅन, लिव्हरचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी तपासणी, दुखत नाही, पंधरा मिनिटांचं काम. ट्रायलला हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, हे करायचंच आहे.

बायोप्सी ट्रायलमध्ये असते कारण सूज गेली का हे सध्या तिच्यातूनच खात्रीने कळतं. उजव्या बरगड्यांमधून बारीक सुई घालतात, जागा बधिर करून. नंतर काही तास पडून राहावं लागतं, थोडं दुखतं, क्वचित रक्तस्राव होतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

नानांना एक नक्की सांगा, त्यांचं मन दुखलंय म्हणून. दारू न पिता होणाऱ्या या आजाराचं नाव २०२३ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी बदललं. आधी नावातच "नॉन अल्कोहोलिक" होतं, म्हणजे दारूचा विषय नावातच, आता मेटाबॉलिक म्हणतात, शुगर-वजन-चरबीशी जोडलेला. आपल्याकडे तर सडपातळ माणसांतही सापडतो. ७४ किलोतले पाच-सात किलो गेले तर सूज बरीच उतरते, दहा टक्क्यांच्या आसपास गेले तर फायब्रोसिसही सुधारायची शक्यता असते.

आणि गुळवेल, काढा, लिव्हर टॉनिक असलं काही चालू असेल तर लपवू नका. कोविडच्या वेळी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला झालेल्या त्रासाबद्दल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण मी माझ्या रुग्णाला ट्रायल असो नसो बंदच करायला सांगतो.

सिन्नरकर७४

आमच्या आईचा अनुभव सांगतो, लिव्हरचा नाही, आतड्याच्या आजाराचा अभ्यास होता, २०१६ ला. एका हॉस्पिटलमध्ये (नाव नको) संध्याकाळी सहाला ओपीडी संपता संपता कागद पुढे केला, इथे सही इथे सही, आईला काही वाचता आलं नाही आणि आम्हालाही घाई, सही करून आलो. नंतर तीन महिन्यांनी कळलं की दर खेपेला उपाशीपोटी सकाळी आठला पोहोचायचंय, सिन्नरहून पहाटेची एसटी पकडायची, आई थकून जायची. रिपोर्ट मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत. शेवटी पाचव्या खेपेनंतर आम्ही सोडलं. सोडताना कोणी अडवलं नाही हे मात्र खरं, आणि तिथली सिस्टर फार चांगली होती, आई अजून तिची आठवण काढते.

म्हणून सांगतो ताई, कागद घरी आणू दिला ही तुमच्या डॉक्टरांची चांगली गोष्ट आहे. प्रवासाचे पैसे मिळतात का, व्हिजिट दोन-चार दिवस मागेपुढे चालते का, रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा आणि तो उचलणार कोण, हे लेखी विचारा. आणि निर्णय नानांना घेऊ द्या. आमच्याकडे आम्ही भावांनी घेतला होता, आईला कोणी विचारलंच नाही.

दिंडोरीची_लेक

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच. सगळं नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. नाव बदलल्याचं ऐकल्यावर परत वाच म्हणाले. दोनदा वाचलं. मग फवारणीची वही घेतली आणि मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात प्रश्न लिहिले, सात झालेत, त्यातला पहिला "छाटणीच्या आठवड्यात तारीख पुढे ढकलता येईल का" हा आहे. गुळवेलीचं पण निघालं, आई रोज सकाळी देत होती आणि आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं, ते आजपासून बंद.

सीटीआरआयवर नंबर सापडला, एथिक्स कमिटीची परवानगी दिसतेय. पण सही लगेच नाही, आधी फायब्रोस्कॅन, मग नाना ठरवतील. काकांना पण सोबत नेतोय, त्यांचे प्रश्न त्यांनी तिथेच विचारावेत. सोमवारी सकाळी नऊची वेळ मिळालीय, तीन तास आधीपासून काही खायचं नाही, त्यामुळे नाना म्हणतायत पहाटे बागेत एक चक्कर मारून मगच निघू.