फुकेतमधला कॉन्डो: गुंतवणूक म्हणून घ्यावा का?

घरकोंबडा
मंडळी, दोनदा थायलंडमधल्या फुकेतला जाऊन आलो आणि आता डोक्यात किडा शिरलाय. कॉन्डोच्या, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीच्या, नव्या प्रकल्पात ३० चौरस मीटरचा स्टुडिओ (एका खोलीचा फ्लॅट) बघितला, ४० लाख बाट (तिथलं चलन). पहिली ३ वर्षं दरवर्षी किमतीच्या ७ टक्के भाड्याची हमी, शिवाय वर्षाला १५ दिवस आपल्याला फुकट राहायला. बायको म्हणते, एवढी पक्की हमी असेल तर बिल्डर विकतोय कशाला, स्वतःच का ठेवत नाही? मला उत्तर सुचलं नाही. कोणी घेतलाय का तिकडे?

आकडेमोड
वहिनींना साष्टांग नमस्कार. त्याच भागातल्या चार-पाच वर्षं जुन्या इमारतीत तेवढाच स्टुडिओ केवढ्याला मिळतोय, ते बघितलंत का?

घरकोंबडा
आत्ता बघितलं. ३२-३३ लाख बाट.

आकडेमोड
मग झालं की. ७ टक्क्यांनी ३ वर्षांचे होतात ८ लाख ४० हजार. जवळपास तेवढेच बिल्डरने किमतीत आधीच लावलेत. तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्याहप्त्याने परत. खरं भाडं किती येतं ते चौथ्या वर्षी कळेल, तेव्हा त्याच इमारतीतले सगळे एकदमच भाडेकरू शोधायला निघालेले असतील.

भटकभवानी
माझा आहे, २०१७ पासून. पश्चात्ताप नाही, पण त्याला गुंतवणूक म्हणणं मी सोडलंय.

पहिली गोष्ट, कोटा. तिथल्या कॉन्डो कायद्याप्रमाणे इमारतीतल्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्रफळाच्या ४९ टक्केच परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतं. तुमचा फ्लॅट त्या ४९ मध्ये बसतो का, हे लेखी घ्या. पैसे परकीय चलनातच तिकडे पाठवायचे आणि तिथल्या बँकेकडून त्याचा कागद घ्यायचा. त्याशिवाय फ्लॅट नावावर होत नाही, आणि पुढे विकून पैसे बाहेर काढतानाही तोच कागद लागतो. मी तो पासपोर्टसोबत ठेवते.

दुसरं, भाडं. पर्यटकांना दोन-चार दिवसांसाठी देऊ, असं तुमच्या मनात असेल. महिन्याहून कमी मुदतीने देणं २००४ च्या हॉटेल कायद्यात येतं, त्याला परवाना लागतो. ‘सगळेच देतात’ असं एजंट सांगेल. आमच्या लिफ्टमध्ये तीन भाषांत पाटी आहे आणि खाली बसणारा रखवालदार बॅगा घेऊन येणाऱ्याला नाव विचारतो. म्हणून मी वर्षाच्या करारावर देते. भाडं कमी, पण झोप लागते.

तिसरं कोणी सांगत नाही ते म्हणजे खारी हवा. एसीचं बाहेरचं युनिट चार वर्षांत गंजून गेलं, बोटाने दाबलं तर पत्र्याचे पापुद्रे निघायचे. मे ते ऑक्टोबर पाऊस. त्यात एकदा घर दोन महिने बंद राहिलं, तर गादीला बुरशी. देखभालीचे पैसे मात्र माणूस असो-नसो भरायचेच, आमच्याकडे महिना चौरस मीटरला ६० बाट. २०२० च्या एप्रिलपासून पुढचं दीड वर्ष एकही भाडेकरू नव्हता, हे पैसे चालूच.

उंटावरचा शहाणा
आपल्या बाजूचंही बघा. एलआरएसखाली (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, तोवर पैसे अडकतात. आणि रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दरवर्षी घर दाखवायचंच. भाडं शून्य असलं तरी. विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. सीएला आधी भेटा, एजंटला नंतर.

मोकळा वारा
सगळंच टक्क्यांत मोजायचं का? आवडतंय ना, घ्या की!

आकडेमोड
घ्या ना. पण मग कर्ज न काढता घ्या, आणि हे पैसे परत येणार नाहीत असं समजून. वर्षातून १५ दिवसांसाठी ४० लाख बाट म्हणजे चांगल्या हॉटेलात आयुष्यभर राहून होईल. आणि ५ वर्षांच्या आत विकलंत तर विकणाऱ्याला ३.३ टक्के वेगळा कर आहे, नावावर करायचा खर्च निराळा.

घरकोंबडा
एजंटला कोट्याचं विचारलं. दोन दिवस गप्प होता. आता म्हणतोय, परदेशी कोटा भरलाय, पण ३० वर्षांची लीज करून देतो, दोनदा वाढवून ९० वर्षं. म्हणजे मालकीच झाली, म्हणतो.

भटकभवानी
नोंदणी ३० चीच होते. बाकीची ६० त्या वेळच्या मालकाच्या मर्जीवर. म्हणजे ४० लाखांना तुम्ही ३० वर्षांचं भाडं आगाऊ भरताय. बुकिंगचे पैसे दिले नाहीत ना?

घरकोंबडा
देणार होतो. बायकोने कार्ड आपल्या पर्समध्ये ठेवलं होतं, हे आज कळलं.