‘टेन्शन सगळ्यांनाच असतं’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

शेंगाचटणी
काल आमच्या सोलापुरातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, “अँझायटी-बिंझायटी काही नसतं. टेन्शन सगळ्यांनाच असतं. आमच्या वडिलांनी गिरणी बंद पडल्यावर पाच पोरं वाढवली, एक गोळी घेतली नाही. सकाळी उठून कंबर तलावाला दोन चकरा मारा, सगळं पळून जातं.” त्याखाली अंगठ्यांची रांग. मोठ्या माणसांशी वाद नको म्हणून तिथे गप्प बसले, पण डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहिते.

त्यांच्या वडिलांबद्दल मला आदरच आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. गेल्या वर्षी नवऱ्याचं एमआयडीसीतलं काम सुटलं. चार महिने घरात पैसा नाही, मला झोप नाही, पोटात गोळा, पोरांवर ओरडणं. तो ताण होता आणि त्याला कारण होतं. मग त्याला काम लागलं, पहिल्यापेक्षा बऱ्या पगाराचं. तो निवांत झाला, मी झाले नाही. पगाराची काळजी मिटली तर शाळेच्या रिक्षाची सुरू. पोरगा पोचला की आईच्या बीपीची. बीपी नीट निघालं की गॅस बंद केला का. एका खुंटीवरची पिशवी काढून दुसऱ्या खुंटीला अडकवावी तसं. मान-खांदे कायम आखडलेले, दुपारपर्यंतच थकून जायचे, पोरगा काय सांगतोय ते कानावर पडायचं पण डोक्यात शिरायचं नाही.

सात महिन्यांनी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी हेच विचारलं, कारण गेल्यावर काळजी गेली का? मग बाकीचं: सहा महिन्यांतले बहुतेक दिवस, एकाच नव्हे तर बऱ्याच गोष्टींची, आवरू म्हटलं तरी न आवरणारी काळजी; सोबत बेचैनी, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांतली निदान तीन लक्षणं; आणि त्यापायी रोजची कामं अडणं. माझ्यात सगळं होतं. यालाच चिंतेचा आजार, इंग्रजीत जनरलाइज्ड अँझायटी डिसऑर्डर (जीएडी) म्हणतात.

आणि काका, तलावाच्या चकरा मी सातही महिने मारत होते.

मागावरचा
ताई, तुम्हाला बरं वाटलं, आनंद आहे. पण एकदा पूर्व भागात या. माझे चार माग आहेत, त्यातले दोन बंद. पानिपतचा माल ‘सोलापुरी चादर’ म्हणून आमच्याच गावात विकला जातो. सुताचा भाव, लाइट बिल, कामगारांची उचल. तीन वर्षं झाली मला धड झोप नाही. तुमच्या सहा महिन्यांच्या हिशेबाने मी पेशंट झालो का? मला गोळी नको, ऑर्डर पाहिजे. खऱ्या काळजीला आजार म्हटलं की दोष माणसाच्या डोक्यावर जातो आणि धंदा का बसला हे कुणीच विचारत नाही.

होटगीरोड
मागावरचा यांना पाठिंबा. आमच्या मेसमधली पोरं मोबाइलवर सात प्रश्नांची ती टेस्ट देतात, बारा मार्क पडले की ‘मला अँझायटी आहे’ म्हणून स्टेटस ठेवतात. परीक्षेच्या आठवड्यात कुणालाही बारा पडतील.

रात्रपाळी
मी नर्स आहे, म्हणून लिहिते. होटगीरोड, तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. ती सात प्रश्नांची टेस्ट म्हणजे जीएडी-7, त्यात फक्त मागच्या दोन आठवड्यांचं विचारलेलं असतं. एकूण 21 गुण, 10 किंवा त्याहून जास्त पडले तर डॉक्टरांनी नीट तपासावं, एवढाच त्याचा अर्थ. निदान त्यावर होत नाही. थायरॉइड वाढलेला असला किंवा रक्त कमी असलं तरी छाती धडधडते, थकवा येतो, म्हणून ते आधी बघतात. पण पोरं टेस्टचा चुकीचा अर्थ लावतात म्हणून आजारच खोटा, असं होत नाही. रात्री ‘अटॅक आला’ म्हणून आणलेली माणसं मी बघते. ईसीजी नीट असतो. घरचे म्हणतात नाटक करतो, आणि तो माणूस खरोखर मरणाला भ्यालेला असतो.

पूर्वभागातली
नाटक नसेल, मान्य. पण गोळ्यांचं काय ओ? माझी आई विड्या वळायची. हजार विड्यांवर मजुरी, पानं खराब निघाली की घरी येऊन रडायची. एका डॉक्टरने ‘मनाची गोळी’ म्हणून झोपेची गोळी चालू केली. महिन्याभराची म्हणाला आणि अकरा वर्षं चालली. गोळी संपली की हात थरथरायचे, पाणी प्यायला ग्लास धरवायचा नाही. तिला आजार नव्हताच. तिला पाठ दुखत होती, पैसे कमी मिळत होते आणि बाप प्यायचा. हे कुणी विचारलं नाही. त्यामुळे ‘डॉक्टरकडे जा’ असं कुणी सहज म्हटलं की माझं डोकं फिरतं.

रात्रपाळी
पूर्वभागातली, तुमच्या आईच्या बाबतीत चुकलंच. अल्प्राझोलम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची सवय लागते, त्या थोड्याच दिवसांसाठी असतात. चिंतेच्या आजारावर मुख्य औषध म्हणून ज्या एसएसआरआय गोळ्या देतात त्या निराळ्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यांची तशी नशा नसते, पण मनानेच एकदम बंद करायच्या नाहीत. आणि नुसतं बोलून, विचारांची सवय बदलायला शिकवूनही उपचार होतो. सीबीटी म्हणतात त्याला. कितीतरी जणांना गोळी लागत पण नाही.

पूर्वभागातली
हे अकरा वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

कडकभाकरी
झोपेचं चाललंय म्हणून बोलतो. आधी महापालिकेला विचारा. चार-पाच दिवसांनी पाणी, ते पण रात्री दोनला नाहीतर तीनला. उशाशी उजनी भरलेलं असलं तरी आमच्या नळाला हवा. रात्री उठून बादल्या भरणाऱ्या बाईला तुम्ही ‘झोप बिघडणे’ म्हणून लक्षण चिकटवणार?

होटगीरोड
आमच्याकडे वेळापत्रक तरी आहे. तुमचा भाग कुठला?

कडकभाकरी
भाग सांगून काय नळ सुटणार आहे? शेजारचा थेट लाइनला मोटर लावतो, आम्हाला करंगळीएवढी धार. तक्रार केली तर म्हणतात, तुम्ही पण लावा.

मागावरचा
मोटरचं बोललात ते बरं केलं. आमच्या गल्लीत यावरनं डोकी फुटलीत. उन्हाळ्यात पारा 43 वर आणि अंघोळीला एक बादली.

होटगीरोड
पण सगळेच मोटर लावत नाहीत. जे लावतात त्यांचं कनेक्शन तोडावं.

कडकभाकरी
कोण तोडणार? तुम्ही येता का पाना घेऊन?

शेंगाचटणी
अहो, हा धागा पाण्याचा नाही. कृपा करून मूळ विषयावर या. मी इतकं घरातलं उघड करून लिहिलं आणि तुम्ही मोटरवर भांडताय.

कडकभाकरी
पाण्याचाच आहे ताई. तुम्हाला शांत फ्लॅटमध्ये बसून लिहायला जमतं. अर्ध्या सोलापूरला कारण आहे म्हणून ताण आहे. कारण काढा, ताण जाईल.

शेंगाचटणी
जातो ना? मी तेच तर म्हणतेय! कारण काढल्यावर जातो तो ताण. नाही गेला तर? माझ्या घरात कारण गेलं होतं. आणि फ्लॅटचं काढलंत म्हणून सांगते, त्या चार महिन्यांत हप्त्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकलं होतं.

पूर्वभागातली
कडकभाकरी, तुम्ही जास्तच बोललात.

माझ्या जावेचं सांगते. नवऱ्याचा अपघात झाला तेव्हा ती दोन महिने रडत होती, जेवत नव्हती. तो चालायला लागला तशी तीही हळूहळू सावरली. तिला कुणी गोळी दिली नाही, बरं झालं. म्हणजे मागावरचा म्हणतात ते पण अगदीच चूक नाही.

रात्रपाळी
बरोबर. एखाद्या प्रसंगानंतर तीन महिन्यांच्या आत सुरू होतं आणि प्रसंग मिटल्यावर साधारण सहा महिन्यांत ओसरतं, त्याला वेगळं नाव आहे, अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर. पण सहा महिने म्हणजे रेशनची रांग नव्हे. तेवढे भरल्याशिवाय मदत मागायची नाही, असं कुठेच नाही. ताणालाही मदत घेता येते. टेलि-मानसचा 14416 नंबर फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

मागावरचा
धंद्याबद्दल बोललो ते मी मागे घेणार नाही. पण एक विचारतो. दिवाळीआधी मोठी ऑर्डर आली होती, पैसेही रोख मिळाले. ते पंधरा दिवस मी असा झोपलो की बायको उठवून थकली. पुढे ऑर्डर नाही, झोप परत गेली. म्हणजे माझा ताणच ना?

रात्रपाळी
लिहिण्यावरून तरी तसंच वाटतं दादा. पण तीन वर्षं अशी झोप मोडली तर शरीर झिजतं. बीपी, शुगर तपासून घ्या. तेवढं तरी करा.

मागावरचा
बघतो. ऑर्डरचं मात्र तुमच्या डॉक्टरांना जमणार नाही.

कडकभाकरी
शेंगाचटणी ताई, फ्लॅटचं बोललो ते चुकलं. मंगळसूत्राचं वाचून वाईट वाटलं.

दुपारपासून एक डोक्यात घोळतंय. आम्ही बोअर मारून दीड वर्ष झालं. वर टाकी आहे, पाणी भरपूर आहे. नळाच्या पाण्यावर आता आमचं काही अडत नाही. तरी बायको दोनला उठते. नळ उघडून बघते, मग दाराची कडी, मग पोरीच्या नाकासमोर हात धरून श्वास चालू आहे का बघते. पोरगी बारावीला आहे. मी इतके दिवस म्हणत होतो, पाण्याची सवय लागलीय, जाईल. पाण्यावर एवढा तावातावाने भांडलो आणि आमच्या घरात पाण्याचं कारणच उरलेलं नाही.

सिव्हिलला मानसोपचारचा केसपेपर सकाळीच काढावा लागतो का? कुणाला माहीत असेल तर सांगा. तिला अजून काही बोललो नाही. आज नळाची पाळी नाही. जागा राहून बघतो, उठते का.