रशियाला निघालेल्या काकांसाठी कामाचे रशियन शब्द

सी-३०२ काका: नमस्कार मंडळी. मी आणि ही, आम्ही दोघं जूनमध्ये मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गला निघालोय. टूरबरोबर नाही, आपले आपण. भाषांतराचं अ‍ॅप घेतलंय, पण ऐन वेळी फोनची बॅटरी संपली तर? ए-१०४ मधल्या ताई तिकडे सहा वर्षं मेडिकलला होत्या असं कळलं. पाचपन्नास वाक्यं लिहून द्याल का?

ए-१०४ ताई: काका, नक्की देते, पण पन्नास नकोत. मी जाताना वहीभर वाक्यं पाठ केली होती. पहिल्याच दिवशी मेसमधल्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि एकही आठवेना. आधी एकच शब्द पक्का करा: मोझ्ना? म्हणजे 'चालेल का?' रिकाम्या खुर्चीकडे हात करून मोझ्ना, कॅमेरा दाखवून मोझ्ना, दारातून डोकावून मोझ्ना. माझा पहिला महिना या एका शब्दावर निघाला.

ए-१०४ ताई: यातला झ आपल्याकडे नाही. 'श' म्हणता म्हणता घशातून आवाज काढा, तो झ. मी जिथे ज लिहीन तो 'बाजार'मधला. आणि 'त्स' म्हणजे आपल्या चटणीतला च, तो आपल्याला आयताच येतो.

डी-५०१: नमस्काराला 'प्रिव्येत' ना? यूट्यूबवर बघितलं.

ए-१०४ ताई: ते मित्रांसाठी. काउंटरवरच्या अनोळखी आजींना प्रिव्येत म्हणणं म्हणजे त्यांना एकदम 'काय गं' म्हणण्यासारखं. त्यांच्यातही तू आणि तुम्ही आहे. तू म्हणजे 'ती', तुम्ही म्हणजे 'व्ही'. अनोळखी माणसाला कायम ज्द्रास्त्वुयत्ये. जड वाटतं, पण रोज दहादा म्हटलं की बसतं. आभारासाठी स्पासीबा. 'प्लीज' आणि 'आभार कसले' या दोन्हींसाठी पझालस्ता.

सी-३०२ काकू: अगं, माझा खरा प्रश्न जेवणाचा. मी अंडंसुद्धा खात नाही.

ए-१०४ ताई: काकू, हे नीट वाचा. तुम्ही म्हणायचं 'या विगितरियान्का', काकांनी 'या विगितरियानित्स', म्हणजे मी शाकाहारी. रशियनमध्ये 'या' म्हणजे मी. पण तेवढ्यावर भागत नाही. ब्येज म्यासा म्हणजे मांस नको, पण चिकन आणि मासे यांना बरेच जण 'म्यासा'त धरत नाहीत. म्हणून पुढे जोडा: ब्येज कूरित्सी, ब्येज रीबी, ब्येज यइत्स. चिकन, मासे, अंडी नकोत. सूप दिसायला बिटाचं आणि कोबीचं, पण बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं. विचारा: ना मिस्नोम बुल्योन्ये? 'दा', म्हणजे हो, म्हणाले तर घेऊ नका.

आणखी एक शब्द, जो ट्रॅव्हल व्हिडिओंत सापडत नाही: पोस्नये. म्हणजे त्यांच्या चर्चच्या उपवासाचं. त्यात मांस, दूध, अंडी नसतात. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात हॉटेलांत वेगळं मेनूकार्डच असतं, पण शब्द वर्षभर समजतो. मासे मात्र तरीही विचारून घ्या. बटाट्याचं सारण भरून उकडलेले वारेनिकी स कार्तोश्कय मिळाले तर पिठात अंडं आहे का विचारा.

बी-२०१ आजोबा: मला डायबेटिस, म्हणून सहज विचारतो. बिनसाखरेचा चहा कसा मागायचा?

ए-१०४ ताई: आजोबा, हे ऐकून बरं वाटेल. चाय ब्येज साखरा. साखरेला तिकडेही 'साखर'च म्हणतात, मूळ आपल्याच शर्करेचं. दार म्हणजे 'द्व्येर', भाऊ 'ब्रात', तीन 'त्री'. मॉस्को मेट्रोत दारं लागताना अस्तारोझ्ना, द्व्येरी जाक्रिवायुत्सा ऐकू येईल: सावधान, दारं बंद होताहेत. मी होते तेव्हा शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असायचा आणि बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईचा. चुकीच्या गाडीत बसलोय हे आवाजावरूनच कळायचं.

बी-४०१: काका, पैशांचं बघा. मार्च २०२२ पासून आपली व्हिसा, मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. रोख न्या, तिथे रूबल करून घ्या.

ए-१०४ ताई: बरोबर. रोख म्हणजे नालीच्निमी. किंमत विचारायला स्कोल्का स्तोइत? आणि कॅशियर घाईघाईत पाक्येत नूझिन? म्हणेल. घाबरू नका, पिशवी हवी का एवढंच विचारतेय. 'न्येत, स्पासीबा' म्हणा.

जायच्या आधी दोन संध्याकाळी अक्षरांना द्या. इंग्रजी पीसारखं दिसतं ते र, सीसारखं स, एचसारखं न, बीसारखं व, एक्ससारखं ख. पाटीवर 'पेक्टोपाह' दिसलं की ते 'रेस्तोरान' आहे. वीखद म्हणजे बाहेर जायचा रस्ता.

सी-३०२ काका: आता मनातलं सांगतो. मॉस्कोला जायचं मुख्य कारण अण्णाभाऊ साठे. १९६१ साली ते तिकडे गेले, परत येऊन प्रवासवर्णन लिहिलं, ते मी शाळेत असताना वाचलं होतं. २०२२ मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसवला. तिथे एकदा हार घालायचाय.

ए-१०४ ताई: काका, किती छान. त्या ग्रंथालयाला तिथले लोक प्रेमाने 'इनस्त्रान्का' म्हणतात. रस्ता असा विचारा: इज्विनीत्ये, काक प्रइती व् इनस्त्रान्कू? इज्विनीत्ये म्हणजे माफ करा. आत गेल्यावर हार दाखवून मोझ्ना.

सी-३०२ काकू: आणि हे हार शोधण्यात रमले आणि मी हरवले तर?

ए-१०४ ताई: काकू, तुम्ही या पतिर्यालस, काका या पतिर्याल्स्या. आपल्या हरवले-हरवलोसारखंच, बाईचं वेगळं आणि पुरुषाचं वेगळं. अ‍ॅप पुष्कळदा पुरुषाचंच रूप देतं, म्हणून हे कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. मदतीसाठी पमगीत्ये, फोन ११२. रविवारी पाच वाजता क्लबहाउसमध्ये या, उच्चार घोटून घेऊ.

बी-२०१ आजोबा: मीही येतो. मोझ्ना?

ए-१०४ ताई: मोझ्ना, आजोबा.