ट्रकवरचा किन्नर (क्लीनर) गेला, आता पोरांनी ट्रक शिकायचा कुठं?

औसा_रोड:
नमस्कार मंडळी. लातूरकडचाय मी. आमचे तात्या १९८२ पासून २०१४ पर्यंत ट्रकवर होते, आधी चार वर्षं किन्नर, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालचा पोरगा, अन् मग ड्रायव्हर. लातूरची तूरडाळ वाशीला न्यायची अन् येताना भेटल ते भाडं. मागल्या महिन्यात मित्राच्या नव्या १४ चाकीत त्यांना पुण्यापर्यंत बसवून नेलं. एसी केबिन, पॉवर स्टेअरिंग, मागं झोपायला गादी, सगळं बघून तात्या खुश झाले. येडशीच्या घाटात मित्र गिअर टाकायलाय अन् मी बघायलो तर तात्यांचा डावा पाय खाली मॅटवर दोनदा दाबायला, प्रत्येक गिअरला. जुन्या गाडीला डबल क्लच मारावा लागायचा ना, ती सवय. दहा वर्षं झाली गाडी सोडून तरी पाय विसरला नाही.

टेंभुर्णीला चहाला थांबलो तवा एकच विचारले, "किन्नर कुठंय रे तुझा?" मित्र मनला, आता कोणी ठेवत नाही तात्या, एकटाच असतो. ते पुण्यापर्यंत गप्पच होते.

आता माझा प्रश्न असा की माझा भाचा २१ चा झालाय, त्याला हेवी गाडीच चालवायचीय, ऐकतच नाही. तात्या म्हणतात किन्नरकी केल्याशिवाय ड्रायव्हर होत नसतो. पण किन्नरच राहिला नाही तर पोरानं शिकायचं कुठं? जुन्या नव्या ड्रायव्हर लोकांनी जरा सविस्तर सांगा, खरंच एवढा फरक पडलाय का.

जुनी_बारादहा:
तात्यांना नमस्कार सांगा. मी उदगीरकडचा, वय ६६, नातू टाइप करायलाय मी सांगायलो.

१९७५ ला मी किन्नर म्हणून चढलो. दोन वर्षं उस्तादानं स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. सकाळी उठलं की रेडिएटरचं पाणी बघायचं, काच पुसायची, अन् मग टायर ठोकायचे. टायर ठोकणं ही काय साधी गोष्ट नाही बरं का, मागं जोडीचे टायर असतात, आतला दिसत नाही, म्हणून लोखंडी टॉमी (दांडा) घेऊन ठोकायचा अन् कान द्यायचा. हवा भरपूर असली की टॉमी उडून वर येते अन् खणखणीत आवाज येतो, हवा कमी असली की भद्द करून आवाज आतच राहतो. उस्ताद केबिनमधी तोंड धुवत असायचे अन् तिथूनच सांगायचे, डावा आतला बघ रे परत. एवढ्या लांबून त्यांना कळायचं.

खंडाळ्याच्या घाटात एक्सप्रेस वे व्हायच्या आधी जाम लागला की किन्नरानं लाकडी ठोकळा घेऊन खाली उडी मारायची अन् मागल्या चाकाला लावायचा. गाडी हलली की ठोकळा उचलून पळायचं, थांबली की परत लावायचा. असं रात्रभर. त्यातच कळतं भरलेली गाडी चढावर कशी मागं येते, किती येते, ब्रेकची हवा किती वेळात उतरते. नंतर स्टेअरिंगवर बसलो तर ते सगळं अंगात मुरलेलं होतं, कोणी शिकवलं असं नाही.

स्टेअरिंग पहिल्यांदा दिलं ते कुर्डुवाडीच्या पुढं, पहाटे, रिकामी गाडी. बारादहा होती. आताच्या पोरांना माहीत नसंल म्हणून सांगतो, टाटाच्या नंबरातच सगळं लिहिलेलं असतंय, १२१० म्हणजे १२ टन अन् १०० हॉर्सपॉवर, मग १६१२ आली, २५१५ आली, आज रस्त्यावर ४८२५ दिसती. आमच्या १२१० च्या इंजिनाचा जाळ डाव्या पायाला लागायचा, उन्हाळ्यात पाय भाजायचा, पॉवर स्टेअरिंग नव्हतं, खांदे भरून यायचे. ते दिवस परत यावे असं मी कधीच म्हणणार नाही. पण दोन माणसं होतो गाडीत. हा फरक लई मोठाय.

सोळा_चाकी:
आज्जा तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी ४८२५ च चालवतो, जालन्याचं लोखंड भरतो. नऊ वर्षं झाले, दीड वर्ष किन्नरकी केलेल्या शेवटच्या पोरांपैकी मी एक असंल.

किन्नर नसल्यावर काय होतं ते सांगतो. १६ चाकी गाडी अरुंद गोडाऊनला रिव्हर्स घ्यायची तर मागं थापटून "येऊ द्या, येऊ द्या, बास" म्हणणारं कोणी नसतं. उतरून बघायचं, परत चढून हातभर मागं घ्यायचं, परत उतरायचं. रात्री ढाब्यावर झोपलं तर डिझेल टाकीवर लक्ष कोण ठेवणार, एक कान जागाच ठेवून झोपतो. ताडपत्री एकट्यानं ओढायची. पावसात एकट्यानं ताडपत्री बांधून बघा एकदा, एक बाजू ओढली की दुसरी वाऱ्यानं उडती. आमचा उस्ताद म्हणायचा रस्सी हुकात टाकली की अंगाचा सगळा भार देऊन मागं झोकून दे, अन् दुसऱ्यानं तवाच गाठ मारायची. दुसराच नाही.

अन् झोप. पहाटे ३ ते ५ मध्ये किन्नराचं काम एकच असायचं, बोलत राहणं. गावातल्या भांडणापासून लग्नापर्यंत काही पण. आता कानात इअरफोन घालून घरी फोन लावतो, घरचे पण झोपलेले असतात. समृद्धीवर तर अजून अवघड, सरळ रस्ता, ना गाव ना सिग्नल, ८० ला गाडी लावली की डोळ्यापुढं नुसता पट्टा पळतो.

चांगलं पण सांगतो, खोटं कशाला बोलू. फास्टॅग २०२१ ला सक्तीचा झाला अन् टोलवरच्या सुट्ट्या पैशाची भांडणं गेली. २०१७ ला जीएसटी आल्यावर बॉर्डरवरचे सेल्स टॅक्सचे नाके गेले, आधी तिथं दिवस दिवस लाईन असायची. पण तो वाचलेला दिवस ड्रायव्हरला भेटला का? नाही. ई-वे बिलाची (मालासोबतच्या ऑनलाइन कागदाची) मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, मालकाला जीपीएसवर गाडी दिसती, पाऊण तास थांबलो की फोन, का थांबला. आधी नाक्यावरच्या लाईनीत निदान झोप तरी व्हायची.

दोन_गाड्या:
मालकाची बाजू पण ऐका. माझ्या दोनच गाड्या आहेत, मीही ड्रायव्हरच होतो. किन्नर आम्ही हौसेनं काढला नाही. जुलै २०१८ ला सरकारनं एक्सल लोड वाढवला, १० चाकी २५ टनाची २८.५ टन झाली, माल तेवढाच अन् गाड्यांची ताकद वाढली, टनामागं भाव पडले. डिझेलचा भाव जून २०१७ पासून रोज बदलायला लागला, भाडं ठरवलं एका भावात अन् टाकी भरली दुसऱ्या भावात. उतरवायच्या ठिकाणी वारई (हमालीचे पैसे) वेगळी. यात दुसऱ्या माणसाचा पगार अन् भत्ता बसवून दाखवा. टायर पण आता ट्यूबलेस रेडियल, पंक्चर कमी, म्हणून पहिली कुऱ्हाड किन्नरावर पडली.

लेक_ड्रायव्हरची:
सगळ्यांच्या अनुभवाचा आदर आहे, पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

माझे बाबा बीडहून ट्रकवर गेले तेव्हा १२ वर्षांचे होते. शाळा सोडून. किन्नर म्हणजे उस्तादाचा शिष्य वगैरे बरोबर आहे, पण तो लहान लेकरू पण होता. बाबांच्या कपाळावर पान्याचा व्रण होता, डिझेल सांडलं म्हणून उस्तादानं मारलेला. ते कधी रागानं सांगायचे नाहीत, "त्यानंच मला माणूस केलं" म्हणायचे, पण आई तो व्रण बघून दरवेळी गप्प व्हायची. ती शाळा तशीच्या तशी परत यावी असं मला वाटत नाही.

बाबा २०-२० दिवस यायचे नाहीत. गल्लीत एका घरी फोन होता, तिथं निरोप यायचा, गाडी इंदोरला आहे, पोळ्याला येतो. पोळा होऊन जायचा. आता भाऊ ट्रकवर आहे, रोज व्हिडिओ कॉल करतो, कधी कधी बोलता बोलता झोपतो आणि स्क्रीनवर नुसतं केबिनचं छत दिसत राहतं. आई तो कॉल कापत नाही, तसाच बाजूला ठेवून भाकरी करते.

कायदा म्हणाल तर २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम लिहिलेलं होतं. माझ्या बाबांना तो कोणी सांगितला नव्हता, भावाला पण मीच सांगितला. किन्नर परत आणायचा तर सज्ञान, पगारी आणि ड्रायव्हरच्या जोडीला दुसरा ड्रायव्हर म्हणून आणा.

बीड_बायपास_गॅरेज:
ताईंचं शंभर टक्के पटलं. मी पण गॅरेजवर पोरगा म्हणूनच आलो होतो.

मेकॅनिकच्या नजरेनं सांगतो. पूर्वी डिझेल संपून गाडीनं एअर घेतली, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरली, की ती किन्नरच काढायचा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, आधी फेस येतो, मग फेस अन् डिझेल, मग नुसती डिझेलची धार आली की स्क्रू आवळायचा. १५ मिनिटाचं काम. एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराच्या नव्या नियमाच्या) गाड्या आल्या, त्यात सगळं सेन्सरवर, लॅपटॉप लावल्याशिवाय दोष कळत नाही. धूर साफ करायच्या युरियाची टाकी कोरडी पडली की गाडी ताकद सोडती, पोरं घाबरून फोन करतात, इंजिन बसलं म्हणून. इंजिनाला काही झालेलं नसतं.

भाच्यासाठी कामाचं सांगतो. ट्रान्सपोर्टच्या लायसनला आधी कारचं लायसन किमान १ वर्ष जुनं लागतं अन् वय २० पूर्ण. आठवी पासची अट २०१९ ला काढली. ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट पण लागतं, पण स्कूलची गाडी रिकामी असती. भरलेल्या गाडीचा ब्रेक अन् रिकाम्या गाडीचा ब्रेक यात जमीन अस्मानाचा फरक आहे. उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल कधीच करायचं नाही, नाहीतर लायनर तापून ब्रेक जातो. हे रिकाम्या गाडीवर कळतच नाही. त्यामुळं लायसन निघाल्यावर वर्षभर कोणाच्या तरी जोडीला दुसरा म्हणून बसू द्या, पगार कमी भेटला तरी.

जुनी_बारादहा:
लेकी, तुझं बरोबर आहे. मला पण मार पडलाय. मी माझ्या दोन किन्नरांवर हात उचलला नाही कधी, पण शिव्या दिल्या, ते आज बोलताना बरं वाटत नाही. त्यातला एक आता नांदेडला स्वतःच्या गाडीवर आहे, दिवाळीला येतो.

औसा_रोड:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री तात्यांना सगळं वाचून दाखवलं. टायर ठोकायचं आलं तवा मनले "परत वाच". ताईंचं वाचलं तर लई वेळ काहीच बोलले नाहीत, मग मनले माझा किन्नर पण १३ चाच होता, त्याच्या आईनं हातात भाकरी बांधून दिली होती अन् माझ्यापुढं पदर पसरला होता, सांभाळा मनून.

भाच्याकडं कारचं लायसन दोन वर्षं जुनंय. सोमवारी हेवीसाठी स्कूलला नाव घालायलो. मित्राला विचारलं, लायसन निघाल्यावर सहा महिने जोडीला ठेवशील का, तर तो तयार आहे, भत्ता देतो मनला, बाकीचा पगार आम्ही घरातून बघू. तात्यांनी आज सकाळी माळवदावरून जुनी टॉमी काढून घासून ठेवलीय. मित्राच्या गाडीला ट्यूबलेस टायर आहेत, गॅरेजवाले दादा, ट्यूबलेसला पण ठोकून हवा कळती का?

बीड_बायपास_गॅरेज:
कळती. गेज लावायचंच, पण रोज सकाळी ठोकायला लावा त्याला. आतल्या टायरपासून सुरू करायचं.